टेकलेला पाय

नवेगाव बांध
१० जुलै २०२३

चि. टीना हीस मोठेबाबांचे अनेक आशीर्वाद.

मे महिन्यात तू इथे आली होतीस तेव्हा म्हणाली होतीस, "मोठेबाबा, मुलींच्या सरावाचं शूटिंग करा. पुण्यात आम्ही रोज करतो. चूक सांगून पटत नाही, दिसली की पटते." त्या वेळी मी लक्ष दिलं नाही. आता सदर विषयाचा पूर्ण विचार करून शूटिंग करायचं ठरवलं आहे.

पण चूक शोधण्यासाठी नव्हे. आपल्या कराटे वर्गाला यंदा अठरा वर्षं झाली. अठरा वर्षं आपल्या मुली जिल्ह्यात पुढे येतात आणि विभागीय स्पर्धेला नागपूरला गेल्या की पहिल्याच लढतीत बाहेर. मागच्या वर्षी रिंकू पुस्तोडे इतक्या लवकर परत आली की माझा चहा संपला नव्हता. हा योगायोग असू शकत नाही. पंच पक्षपाती आहेत. तेव्हा मुलींचं तंत्र निर्दोष असल्याचा चित्रित पुरावा तयार ठेवायचा, तो तू बघायचा आणि तिकडची क्रीडाशिक्षिका या नात्याने लेखी अभिप्राय द्यायचा.

अर्जुनी मोरगावचा कवडू लग्नाचं शूटिंग करतो. सध्या आषाढ असल्याने तो मोकळा आहे. त्याने काल ग्रामपंचायतीच्या सभागृहात येऊन काम केलं. मेमरी कार्ड सोबत पाठवत आहे. इथून नेटवर चढवायला बसलो तर एक लात चढेपर्यंत सकाळची दुपार होते. फोनही करू नकोस. फोनवर मला फक्त "ऐकू येते का" एवढंच ऐकू येतं.

अडचण एकच आहे. मंगली सयाम. जंगलाकडच्या गावातून अकरा किलोमीटर सायकल मारून येते, एक दिवस चुकवत नाही. पण मावाशी, म्हणजे बाजूने फिरवून मारायची लात, ही आपल्या वर्गाची ओळख आहे आणि तीच हिला जमत नाही. इतर मुली तयारी घेऊन मारतात. ही सगळ्यांच्या आधी मारून मोकळी होते. वनखात्यात चौतीस वर्षं काढली, घाईने केलेलं काम टिकलेलं मी पाहिलं नाही.

अभिप्राय लवकर पाठव.

तुझा मोठेबाबा
दुधराम डोंगरवार
(सेवानिवृत्त वनपाल)

टीना, मी मोठीमाय. पाकीट चिकटवाले मले देलं म्हणून मागच्या बाजूनं लिहून राहिलो. शूटिंग आहे म्हणून तुझ्या मोठेबाबानं केस काळे केले. कानही काळे झाले. तू काही बोलू नको. धुरपता.


पुणे
२२ जुलै २०२३

ती. मोठेबाबा आणि मोठीमाय यांस सादर नमस्कार.

कार्ड मिळालं. शाळा सुटल्यावर आमच्या क्रीडा विभागाच्या खोलीत मोठ्या पडद्यावर लावलं.

सुरुवातीला सनई वाजते. मग "शुभविवाह" असं येतं, त्यावर काट मारून खाली "कराटे" लिहिलं आहे. मग बदामाच्या आकारात रिंकूचा चेहरा येतो आणि चारी बाजूंनी गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागतात. मंगली लात मारते तेव्हा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर आहे. चेहरा डावीकडे जातो, उजवीकडे परत येतो. मधल्या काळात तिने लात मारली असावी असा माझा अंदाज आहे. त्रेचाळीस मिनिटांत पाय फक्त एकदा दिसले, तेही दारातून आत आलेल्या बकरीचे. आमच्या चित्रकलेच्या बाई मागे उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी विचारलं, मुलगी तुमच्या नात्यातली का?

मोठेबाबा, हसू नका म्हणत नाही, पण पुन्हा करावं लागेल. कवडूभाऊंना सांगा की कॅमेरा कमरेच्या उंचीवर एका जागी ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही. मुलगी डोक्यापासून पायापर्यंत दिसली पाहिजे. गाणं नको, पाकळ्या नकोत, खरा आवाज राहू द्या. एकेक मुलगी बाजूने घ्या, दहा-दहा मावाशी.

आणि शेवटी तुम्हीही दहा मारा. मला तुमची मावाशी बघून फार वर्षं झाली.

मोठेबाबा, केस छान दिसत होते.

तुमची
टीना


नवेगाव बांध
८ ऑगस्ट २०२३

चि. टीनास आशीर्वाद.

तुझं पत्र कवडूला वाचून दाखवलं. त्याला लागलं. म्हणाला, "सर, बावीस वर्षं झाली शूटिंग करून राहिलो. पब्लिक चेहरा पाहते. पाय पाहाले कोन येते?" मी म्हटलं, माझी पुतणी पाहते. तो दोन दिवस रुसला, तिसऱ्या दिवशी आपण होऊन आला.

धानाच्या रोवणीमुळे अर्ध्या मुली शेतात, बांधीत होत्या, म्हणून उशीर झाला. या वेळी कॅमेरा धानाच्या पोत्यावर ठेवला. कवडू हात बांधून बाजूला बसला. नुसतं बसणं त्याला फार जड गेलं. दोनदा उठून त्याने रिंकूचा चेहरा जवळून घेतलाच, तेवढं माफ कर.

बाकी चित्रण कॅमेऱ्याच्या लहान काचेवर मी स्वतः तपासलं आहे. टीना, मन भरून आलं. अकरा मुली आणि एक ठेका. लात मारण्याआधी फरशीवर "धप्प" असा आवाज येतो, मग लात. धप्प, लात. धप्प, लात. ती धप्प म्हणजे कंबर बसल्याची खूण. मला आजकाल देवळातली घंटा ऐकू येत नाही, पण ती धप्प ऐकू येते. फक्त मंगलीची पाळी आली की सभागृह गार पडतं. आवाजच नाही.

तुझ्या इच्छेनुसार शेवटी मीही दहा मारल्या. त्रेसष्टाव्या वर्षी त्या कशा आहेत हे तूच सांग.

सप्टेंबरअखेर जिल्ह्याला नावं द्यायची आहेत. अठ्ठेचाळीस किलोखालच्या गटात रिंकू आणि मंगली दोघी बसतात आणि आपल्या वर्गाकडून नाव एकच जातं. रिंकूचं ठरवलं आहे.

तुझा मोठेबाबा

टीना, रोज ऐकतो मावाशी मावाशी. काल तुझी खरी मावशी घरी आली तर तुझ्या मोठेबाबानं म्हटलं, "या मावाशी." ते रागावून चहा न घेता गेली. धुरपता.


पुणे
१८ ऑगस्ट २०२३

ती. मोठेबाबांस सादर नमस्कार.

या वेळचं चित्रण फार उत्तम आहे. कवडूभाऊंना माझे धन्यवाद सांगा. प्रकाश चांगला, सगळ्या मुली पूर्ण दिसतात. मुलींची शिस्त पाहून इथल्या लोकांनी विचारलं की हा वर्ग कुठला. मी अभिमानाने नवेगाव बांध सांगितलं. मुलींचे गणवेश स्वच्छ आहेत. त्यांचा आवाज खणखणीत आहे. सभागृहाला नवा रंग दिलेला दिसतो, तोही चांगला आहे.

अभिप्राय देण्यापूर्वी एक विनंती आहे. कवडूभाऊंच्या दुकानात हे चित्रण हळू गतीने लावून बघा. लात मारणाऱ्या पायाकडे बघू नका, जमिनीवर टेकलेल्या पायाकडे बघा. लात जाण्याआधी तो पाय जमिनीवरून किती वेळा सुटतो ते प्रत्येक मुलीचं मोजा. मंगलीचंही मोजा. आणि मग, जमलं तर, शेवटच्या दहा मावाशींचंही मोजा.

मोजून झालं की तुम्हाला काय वाटतं ते कळवा. मी मुद्दाम माझं मत लिहीत नाही.

रिंकूचं नाव पक्कं करण्याची घाई नसावी, असं वाटतं.

तुमची
टीना


नवेगाव बांध
२८ ऑगस्ट २०२३

चि. टीनास आशीर्वाद.

तुझा अभिप्राय वाचून संतोष झाला. सूचनेप्रमाणे कवडूच्या दुकानात जाऊन हळू गतीने मोजणी केली. निष्कर्ष असा: दहा मुलींचा टेकलेला पाय प्रत्येक लातेआधी एकदा जमिनीवरून सुटतो. मंगलीचा एकदाही सुटत नाही.

तू किती बारकाईने पाहतेस! मी रोज ओरडतो, "टाच फिरवा, कंबर फिरवा, मग लात सोडा." बाकीच्या मुली टाच इतक्या जोमाने फिरवतात की अख्खा पाय उचलला जातो. मंगली मात्र टाच जागच्या जागी फिरवून घेते. पाय उचलण्याचे कष्टच घेत नाही. जे मला अठरा वर्षांच्या अनुभवातून जाणवत होतं ते तू आकड्यांनी सिद्ध केलंस. तिला काल सर्वांसमोर समज दिली. ती मागे आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. ती कधीच काही बोलत नाही.

शेवटच्या दहा मावाशी मोजल्या नाहीत. त्या माझ्या आहेत, त्यात मोजण्यासारखं काय आहे?

रिंकूचा फॉर्म भरून ठेवला आहे. येत्या आठवड्यात गोंदियाला जाऊन देईन. तिच्या आईने, जमुनाबाईने, आताच पेढ्यांचं सांगून ठेवलं आहे.

तुझा मोठेबाबा


पुणे
१ सप्टेंबर २०२३

ती. मोठेबाबांस नमस्कार.

फॉर्म देऊ नका. हे पत्र पोचेपर्यंत गोंदियाला गेला नसाल, अशी आशा करते.

मागच्या पत्रात मी घाबरून गणवेशाचं आणि रंगाचं कौतुक करत बसले. आता सरळ लिहिते. तो पाय सुटणं म्हणजे जोम नाही. ती उडी आहे. आपल्या मुली लात मारण्याआधी एक लहानशी उडी मारतात. समोरच्या मुलीला त्यावरून कळतं की लात येते आहे. पाव सेकंद आधी कळतं, आणि नागपूरच्या मुलींना पाव सेकंद पुष्कळ होतो. पंच पक्षपाती नाहीत मोठेबाबा. आपणच आधी वर्दी देतो आणि मग मारायला जातो.

दहा मुलींनी एकच चूक आपापली शोधून काढलेली नसते. शेवटच्या दहा मावाशी बघा. उडी तुमची आहे. दोन हजार चारमध्ये आग विझवताना नाल्यात घसरून तुमचा उजवा गुडघा गेला, आठवतं? त्या पायावर शरीर वळवलं की कळ येत असणार. म्हणून तुम्ही पाय वळवतच नाही, उडी मारून वळलेला ठेवता. तुम्हाला ते कळतही नाही. वर्ग सुरू झाला त्याच्या पुढच्या वर्षी. आम्ही सगळ्या तुमचं बघून शिकलो.

सगळ्या, म्हणजे मीसुद्धा. सहा वर्षांपूर्वी पुण्यात आल्यावर इथल्या सरांनी मला माझं चित्रण दाखवलं. सगळा वर्ग हसला. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. ती उडी जायला आठ महिने लागले. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. दर सुट्टीत घरी येते आणि सभागृहात तुमच्यासमोर मुद्दाम उडी मारून मावाशी मारून दाखवते, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. तुम्ही म्हणता, "पाहा, पुण्यात जाऊनही विसरली नाही." ते ऐकून मला खाली बघावं लागतं. या सहा वर्षांत कितीतरी मुली नागपूरला जाऊन हरून आल्या. तो दोष तुमचा नाही, माझा आहे.

मंगली बरोबर मारते. तिथे ती एकटीच बरोबर मारते.

रागवा, पण उत्तर लिहा.

तुमची
टीना


नवेगाव बांध
१६ सप्टेंबर २०२३

टीना,

काय लिहिलंस वं तू? तुझं पत्र आलं, त्यायनं उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग खिशात ठेवलं. तेव्हापासून त्याच खिशात आहे. धुवालेही देत नाहीत सदरा. मले सांगत नाहीत. सभागृहाले कुलूप लावलं. मुली आल्या तर म्हणतात, सर बाहेरगावी गेले. स्वतःच म्हणतात, दारात उभं राहून.

सकाळी बांधावर जातात. ढिवर लोकं जाळं टाकतात ते पाहत बसतात. परवा पोळा झाला. करंजी खाल्ली नाही. बैलालेही नीट ओवाळू देलं नाही, बैलाच्या पायाकडेच पाहून राहिले होते.

काल मी गोठ्यामागं गेलो तर हे एकटेच. खडूनं जमिनीवर गोल काढला आणि त्यात उजवा पाय ठेवला. लात मारली. पाय गोलाबाहेर. पुन्हा पाय आत ठेवला, लात मारली, पुन्हा बाहेर. चौथ्या खेपेस बादली उडाली. मी म्हटलं, काय करून राहिले? म्हणे, "धुरपता, मी उडतो का?" मी म्हटलं, उडता ना. टुणकन उडता. तर म्हणे, "वीस वर्षं पाहून राहिली, सांगितलं काऊन नाही?" आता मले काय मालूम! मले वाटे कराटे तसाच असते.

तर खाली बसले आणि हसले. मग डोळे पुसले. मले भेव वाटलं.

अजून एक. ते मंगली रोज येते. कुलूप पाहते, सायकल लावते, वऱ्हांड्यात लाता मारते, पानी पिते आणि निंगून जाते. आठ-दहा दिवस झाले. तिच्यासाठी तरी काही लिही.

धुरपता


नवेगाव बांध
३० सप्टेंबर २०२३

चि. टीनास आशीर्वाद.

उत्तर उशिरा लिहितो आहे. तीन वेळा लिहून फाडलं. पहिलं फार रागाचं होतं, दुसरं फार रडकं होतं, तिसरं वनखात्याला लिहिल्यासारखं झालं.

१८ तारखेला मी कवडूकडे गेलो आणि म्हटलं, माझ्या दहा लाव. त्याने लावल्या. दहाच्या दहा वेळा उडालो. काळ्या केसांनी उडताना माणूस फार वाईट दिसतो. कवडू उठला. आत गेला, माळ्यावरून एक जुनी कॅसेट काढली, फडक्याने पुसली. म्हणाला, "सर, मी नवा कॅमेरा घेतला तवाची आहे. तुमची आहे म्हणून ठेवली." २६ जानेवारी २००२, शाळेच्या मैदानावर मी प्रात्यक्षिक दिलं होतं. कॅसेट लावली. सुरुवातीला पाच मिनिटं सरपंचाचा चेहरा आहे, कवडू तेव्हाही तसाच होता. मग मी येतो. टीना, पाय जमिनीला खिळल्यासारखा. टाच फिरते, कंबर फिरते, लात जाते. आवाज नाही.

ती लात मी ओळखली. रोज बघतो मी ती. मंगली मारते ती.

मी दुकानातून निघालो तो थेट सभागृहावर आलो. ती वऱ्हांड्यात होती. मी विचारलं, "मंगले, तू ही लात कोणाकडून शिकली?"

म्हणाली, "तुमच्याकडून."

"माझ्याकडून कशी? मी तर उडी मारून मारतो."

तिने जरा विचार केला. म्हणाली, "सर, मी उशिरा भरती झालो म्हणून मले मागं उभं केलं. तेथी खांब आहे. तुमी दिसतच नाही. नुसते ऐकू येता. तुमी सांगता तसं करतो मी. करून दाखवता ते मले मालूम नाही."

तीन वर्षं मुलगी खांबामागे होती आणि मला पत्ता नाही. मी म्हटलं, मग मी सर्वांसमोर बोललो तेव्हा तू हे सांगितलं काऊन नाही? म्हणाली, "सांगतलं असतं तर तुमी मले समोर आणलं असतं."

मी दार उघडलं.

आता पुढचं. सगळ्या मुलींना आणि त्यांच्या आयांना बोलावलं. कवडूने टीव्ही आणला. आधी २००२ चा मी दाखवला, मग आताचा. मुली हसू दाबत होत्या. मी म्हटलं, हसा. मग त्या इतक्या हसल्या की दोघी खुर्चीवरून पडल्या. हसून झाल्यावर मी त्यांचं त्यांना दाखवलं, तेव्हा मात्र एकेक जण आपापल्या पायाकडे बघायला लागली. मी सांगितलं की अठरा वर्षांत तुम्ही आणि तुमच्या आधीच्या जितक्या मुली नागपूरला हरल्या त्या माझ्या गुडघ्यामुळे हरल्या. हे बोलायला मला फार वेळ लागला. वाक्य लहानच आहे.

जमुनाबाई उठली. "म्हणजे आमच्या पोरीचं नाव कापून राहिले का?" मी म्हटलं, मी काही ठरवत नाही, माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा उरला नाही. दोघींची लढत लावू, कॅमेरा ठेवू. लढत झाली. मंगली सहा, रिंकू एक. जमुनाबाई म्हणाली, कॅमेरा वाकडा होता. पण रिंकू रडत रडत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, मलेही खांबामागं उभं करा." मला काय वाटलं असेल ते तुला कळेल.

काल गोंदियाला जाऊन मंगलीचं नाव दिलं.

तुझ्यावर राग होता. चिक्कार होता. तू सहा वर्षं माझ्यासमोर खोटी उडी मारलीस, त्याचा जास्त. मोठं माणूस दुखेल म्हणून लहानांनी खोटं बोलायचं असा माझा वर्ग असेल तर तो बंदच बरा. पण मग विचार केला, पुतणीला खरं बोलायला सहा वर्षं लागावीत असा हा मोठेबाबा कसा होता? त्याचं उत्तर चित्रणात नाही.

तुझा मोठेबाबा


पुणे
७ ऑक्टोबर २०२३

ती. मोठेबाबा,

तुमचं पत्र शाळेत वाचलं. तास सुरू होता, मुलांना मैदानाला तीन फेऱ्या जास्त माराव्या लागल्या.

खोटं परत बोलणार नाही, वचन देते. उडी काढण्याचा उपाय सांगते, मला उपयोगी पडला तो. बघून शिकलेलं बघूनच परत येतं. म्हणून काही महिने तुम्ही मुलींना दिसायचं नाही. फक्त बोलायचं. प्रात्यक्षिक मंगलीला करू द्या, आणि प्रत्येक मुलीचं चित्रण तिचं तिलाच दाखवा, तेही लगेच, पाच मिनिटांच्या आत. दुसऱ्या दिवशी दाखवलं तर पायाला आठवत नाही.

तुमचं बोलणं अठरा वर्षं बरोबरच होतं. मंगली त्याचा पुरावा आहे.

गुडघ्याला तेल लावत जा.

टीना


नवेगाव बांध
१७ डिसेंबर २०२३

चि. टीनास अनेक आशीर्वाद.

नागपूरहून काल परत आलो. क्रमाने सांगतो, नाहीतर गोंधळ होईल.

तुझ्या सूचनेप्रमाणे वर्ग घेतला. सगळ्याच मुली एका खांबामागे मावत नाहीत, म्हणून त्यांना माझ्याकडे पाठ करून उभं केलं. समोर मंगली आणि मागे खुर्चीवर मी. आठवडाभरात गावात बातमी झाली की मुलींनी डोंगरवार सरांवर बहिष्कार टाकला. ग्रामसेवक समेट घडवायला आला. मी ओरडत होतो आणि मुली भिंतीकडे तोंड करून "हो सर" म्हणत होत्या, ते पाहून बिचारा दारातूनच परतला. एका मुलीने मात्र मागे वळून विचारलं, "सर, दिसत नाही तर तुमचं जास्त समजते, असं काऊन?" मी तिला पुन्हा भिंतीकडे तोंड करायला सांगितलं.

कवडूची तर गोष्टच वेगळी झाली आहे. त्याला आता चेहरे दिसत नाहीत. दिवाळीनंतरच्या पहिल्या लग्नात त्याने सप्तपदीची नुसती पावलं घेतली. नवरीच्या बापाने आरडाओरडा केला. कवडू म्हणाला, "पाहा ना काका, नवरदेव उजवा पाय ओढून राहिला."

जिल्ह्यात मंगली सहज निघाली. नागपूरला मी, ती, कवडू आणि रिंकू गेलो. रिंकू आपणहून आली, म्हणाली पाण्याची बाटली मी धरतो. पहिली लढत मागच्या वर्षीच्याच संघाच्या मुलीशी. मंगली उभी राहिली. समोरची मुलगी हलेचना, नुसती मंगलीच्या पायाकडे बघत होती. तिचे सर बाहेरून ओरडत होते, मला ऐकू येईना. रिंकूने माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, "सर, ते म्हणून राहिले, 'रुक, पहले उछलेगी, फिर मारेगी.'"

टीना, त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं! नवेगावच्या मुली आधी उडतात हे नागपूरच्या प्रत्येक सराला ठाऊक होतं, वर्षानुवर्षं ते आपापल्या मुलींना शिकवत होते की उडीची वाट पाहा. ती मुलगी वाट पाहत राहिली. उडी आलीच नाही, लात आली. पुन्हा वाट पाहिली, पुन्हा लात. लढत संपली तरी ती बिचारी वाटच पाहत होती. दुसरी मुलगीही तशीच गेली. उपांत्य फेरीतली हुशार होती, अर्ध्यात सावध झाली, पण तोवर मंगलीचे पाच गुण झाले होते. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी नागपुरात चहा पूर्ण प्यालो, तीन वेळा.

अंतिम लढत चार-तीनने गेली. राज्याला ती जाणार नाही. रौप्यपदक मिळालं.

कशी हरली ते कार्डावरून कळणार नाही. कवडूने कॅमेरा अगदी नेमका लावला होता, पण मी उठून त्याच्यासमोर उभा राहिलो आणि खाली बसलोच नाही. दोन मिनिटं फक्त माझी पाठ आहे. कवडू म्हणतो, पाठ फार स्पष्ट आली आहे. मी परत निघताना गाडीत तिची माफी मागितली. एक चित्रण महत्त्वाचं होतं आणि तेच मी झाकलं.

ती खिडकीतून बाहेर बघत होती. सौंदड स्टेशन गेल्यावर बोलली. "सर, मले मालूम आहे काय चुकलं. लात मारली का माझा डावा हात खाली जाते. तिनं दोनदा तेथीच मारलं."

मी घाईघाईने विचारलं, "माझाही जातो का? नीट सांग. मी बोलतानाच काही चुकीचं सांगितलं असेल."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग पहिल्यांदाच हसली.

"नाही सर," म्हणाली, "हे चूक माझी आहे. तुमची नोहे."

रिंकूने बाटली पुढे केली. मी पाणी प्यालो. सोमवारी सकाळी सहाला वर्ग आहे, ती सुट्टी घ्यायला तयार नाही. मी आता झोपतो.

तुझा मोठेबाबा
दुधराम